सर्व्हर पडला की पडायचा?

गेल्या महिन्यात मी स्पॅनिशमध्ये एक वाक्य बोललो आणि त्यापायी दोन तासांचा कॉल झाला. क्लायंट मेक्सिकोतला. रविवारी रात्री सर्व्हर एकदाच, अकरा मिनिटं पडला होता. नवीन शिकलेली भाषा मिरवायची हौस, म्हणून मी ऐटीत म्हणालो, "एल सेर्विदोर से काईआ". पलीकडे शांतता. म्हणायचं होतं "से कायो", म्हणजे पडला. मी म्हणालो होतो "पडायचा". झालं! किती दिवसांपासून पडतोय, आम्हाला आधी का सांगितलं नाही, मागचे सगळे लॉग पाठवा...

स्पॅनिशमध्ये साध्या भूतकाळाची दोन रूपं आहेत. एक घडून संपलेल्या गोष्टीसाठी, दुसरं चालू असलेल्या किंवा नेहमी होणाऱ्या गोष्टीसाठी. आमच्या क्लासमध्ये हे इंग्रजीतून शिकवलं आणि इंग्रजीत एकच रूप दोन्हीकडे चालून जातं, त्यामुळे वर्गातले सगळे जण तक्ते पाठ करत बसले. घरी आल्यावर डोक्यात प्रकाश पडला, की अरे, हे तर आपल्याकडे आहेच! "साबीआ" म्हणजे मला माहीत होतं, "सुपे" म्हणजे मला कळलं. "कोनोसीआ" म्हणजे ओळखत होतो, "कोनोसी" म्हणजे ओळख झाली. स्पॅनिश जिथे एकाच क्रियापदाचा काळ बदलते तिथे मराठी सरळ शब्दच बदलते, पण फरक तोच. मी मराठीत विचार केला असता तर ते दोन तास वाचले असते.

मग वीकेंडला जरा खोदकाम केलं. शाळेत संस्कृत मी फक्त मार्कांसाठी घेतलं होतं, हे आधीच कबूल करतो :) भूतकाळ म्हणजे लङ्, विषय संपला. पण पाणिनीकडे तीन भूतकाळ आहेत. लुङ् सर्वसाधारण, आज घडलेल्या गोष्टीलाही चालणारा. लङ् आजच्या आधी घडलेल्यासाठी. आणि लिट् आजच्या आधी घडलेल्या, पण बोलणाऱ्याने स्वतः न पाहिलेल्या गोष्टीसाठी. गंमत म्हणजे "आज" ही सीमारेषा स्पेनमध्येही सापडते. तिथे बहुतेक ठिकाणी आज सकाळी जेवलो तर "ए कोमीदो" आणि काल जेवलो तर "कोमी". मेक्सिकोत मात्र दोन्हीकडे "कोमी" चालतं.

आणि या काळांच्या निवडीवरून चक्क एका माणसाचं वय काढलंय. पतंजलीचं महाभाष्य. तिथे एक बारीक नियम चर्चेला येतो : गोष्ट स्वतः पाहिली नसली, पण ती लोकांना माहीत असेल आणि बोलणाऱ्याला मनात आणलं असतं तर पाहता आली असती, तर लिट् नको, लङ् वापरावा. याला पतंजली उदाहरण देतो ते यवनाने साकेताला वेढा घातल्याचं. उलट बाजूला, कृष्णाने कंसाला मारलं हे सांगायला लिट्, कारण ते पाहणं कोणालाच शक्य नव्हतं. म्हणजे ग्रीकांची ती स्वारी पतंजलीच्या हयातीतली असली पाहिजे! थिओडोर गोल्डश्टुकर यांनी १८६१ च्या आपल्या पाणिनीवरच्या पुस्तकात हा धागा पकडला. १८७२ मध्ये आपल्या रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी त्याला आणखी एक पुरावा जोडला : पतंजलीच्या दुसऱ्या एका उदाहरणात "आम्ही पुष्यमित्राकडून यज्ञ करवत आहोत" असं येतं, आणि तेही वर्तमानकाळात. दोन्ही मिळून पतंजली इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या मध्याला जाऊन बसतो. उदाहरणं आधीच्या वैयाकरणांकडून जशीच्या तशी आली असतील तर काय, असा आक्षेप आहेच आणि तो मला गैर वाटत नाही. कोडमधली जुनी कॉमेंट कोणी लिहिली हे आपल्याला तरी कुठे माहीत असतं? तरीही एका क्रियापदाच्या रूपावरून इतिहासातली तारीख काढायची, ही कल्पना मला कुठल्याही डीबगिंगपेक्षा भारी वाटली.

पुढे बोलीभाषांतून हे तिन्ही काळ झिजून गेले. उरलं ते धातुसाधित : "मया कृतम्", माझ्याकडून केलं गेलेलं. त्यातूनच आपलं "मी केलं" आलं आणि म्हणूनच मी पुरुष असूनही पोळी "खाल्ली" म्हणतो. क्रियापद माझं ऐकत नाही, पोळीचं ऐकतं. या भूतकाळातला "ल" किती जुना? श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेल्या मराठीत "करवियलें" आहे. तो लेख दहाव्या शतकातला की बाराव्या यावर वाद आहेत, पण "ल" तिथे ठणठणीत उभा आहे.

आणखी एक रूप आहे, त्याने तर मला वेडच लावलं. "जाई, करी, सांगे". व्याकरणात याला रीतिभूतकाळ म्हणतात. मूळचा हा वर्तमानकाळ! ज्ञानेश्वरांच्या वेळी "करी" म्हणजे "करतो". "दाम करी काम" या म्हणीत तो अर्थ अजून शिल्लक आहे, दाम आजही काम करतोच. पुढे "करतो" आला, त्याने खुर्ची बळकावली आणि जुन्या रूपाला भूतकाळात बदली मिळाली. हिंदीत याच रूपाची बदली वेगळ्याच खात्यात झाली : "वो जाए" म्हणजे त्याने जावं. आमच्या गोंदियाच्या बाजारात दोन्ही भाषा एकाच दुकानात बोलतात. मराठी माणूस "जाये" म्हणतो तेव्हा तो मागचं सांगत असतो, हिंदी माणूस म्हणतो तेव्हा पुढचं.

पुण्यात हे रूप मला फक्त पुस्तकात भेटतं. इथे सगळे "जायचा" म्हणतात. माझी आजी मात्र अजूनही तसंच बोलते. दिवाळीत मी तिच्या आठवणी मोबाईलवर रेकॉर्ड केल्या आणि वेळ मिळेल तसा टाईप करतोय. आजोबा गोंदियात धानाच्या गिरणीत होते, घर बालाघाटच्या बाजूला, छोट्या लाईनीवर. ही नॅरोगेज इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला थेट जबलपूरपर्यंत नेली होती. ती टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाली. नैनपूर-जबलपूर हा छोट्या गाडीचा तुकडा २०१५ मध्ये बंद झाला.

मी टाईप केलेलं असं होतं : "आजोबा सकाळी गिरणीत गेले, संध्याकाळी छोट्या लाईनने परत आले, येताना मुरमुरे आणले. मग एक दिवस आलेच नाहीत." स्वच्छ, प्रमाण, वाचायला सोपं. परवा तो सर्व्हरचा कॉल संपल्यावर हे पान उघडलं आणि शंका आली, म्हणून रेकॉर्डिंग परत ऐकलं. आजी म्हणते :

"तुहा आजा सकारी गिरणीत जाये, सांजच्याले छोट्या लाईननं घरी ये, पोराईसाठी मुरमुरे आणे. मंग एक दिस आलाच नाही."

जाये, ये, आणे. सव्वीस वर्षांचा संसार आहे त्या तीन शब्दांत. मी त्याचा एक दिवस करून टाकला होता. आणि "आलाच नाही" हा त्या सगळ्यात एकटा "ल" आहे. ऐकताना कळतं की ती तिथे थांबते, पुढचं वाक्य यायला बराच वेळ लागतो. मला आधी वाटलं होतं नेटवर्कसारखं काही झालं असेल, पण रेकॉर्डिंगला कसलं नेटवर्क!

मेक्सिकोच्या क्लायंटची माफी मागून झाली. आता ही पानं पहिल्यापासून दुरुस्त करतोय. "जायचे" सुद्धा करत नाही, "जाये"च ठेवतोय. स्पेलचेक प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ मारतो, मारू दे. एकोणीस पानं झाली, चौदा राहिलीत. एका ठिकाणी ती "गेला" म्हणते की "जाये" हे पंख्याच्या आवाजात नीट ऐकू येत नाही, ते रविवारी फोन करून तिलाच विचारेन.