लेडीज सायकल आणि मागच्या ब्रेकची तार : जिवतीच्या संदर्भात

स्त्रियांच्या सायकलीचा इतिहास बहुधा पोशाख व स्वातंत्र्य यांच्या अंगाने लिहिला जातो. मागचा ब्रेक त्यात क्वचितच येतो. इंग्लंडमध्ये स्टार्ली बंधूंनी 1889 मध्ये झग्यासाठी आडवा दांडा काढलेली सायकल आणली. 1896 मध्ये बाउडन यांनी लवचिक तारेचे पेटंट घेतले. पुढे ब्रेकसाठी ही तार आली तेव्हा पुरुषांच्या सायकलीत ती वरच्या दांड्यालगत मागे नेता आली. लेडीज सायकलीत मात्र ती तिरप्या नळीने खाली उतरवून सीटच्या नळीपाशी पुन्हा वर वळवावी लागली. त्या वळणावर घर्षण वाढते, खोलगट भागात पाणी साचून तार गंजते. जुन्या सळईच्या ब्रेकला ही अडचण नव्हती, कारण पुरुषांच्या सायकलीतही सळई खालच्याच नळीने जाई.

माणिकगडच्या डोंगराळ पट्ट्यातील जिवती तालुक्यात हा तपशील गौण ठरत नाही. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली देण्यात आल्या. चर्चा बहुतेक वाटपाचीच झाली. पावसात ओल्या रिमवर पकड आधीच कमी, त्यात तार अडकली तर उतारावर सारी भिस्त पुढच्या ब्रेकवर येते. वेष्टन योग्य मापाचे कापून, वळण मोठे ठेवून नवी तार घातली की ब्रेक पुन्हा हलका चालतो.