पेढीतील वळण, छापखान्यातील अक्षर

निमंत्रणपत्रिका, पदव्या आणि मानपत्रे यांवर दिसणारे रोमन लिपीतील तिरकस, जोडलेले आणि जाड-बारीक रेषांचे अक्षर दरबारी ऐश्वर्याची खूण मानले जाते. परंतु ते आजच्या रूपाला आले ते सतराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या व्यापारी पेढ्यांत, जमाखर्च आणि पत्रव्यवहार लिहिणाऱ्यांच्या हाताखाली. इटालियन आणि फ्रेंच वळणांतून घडत आलेल्या या इंग्रजी अक्षराला ‘राउंडहँड’ म्हणतात. रुंद टोकाच्या लेखणीत रेषेची जाडी लेखणी धरण्याच्या कोनावर ठरते. राउंडहँड लिहिताना मात्र पिसाचे टोक निमुळते कापलेले असे, खाली येणाऱ्या रेषेवर हात दाबला की ते फाकून रेषा जाड होई, आणि वर जाताना दाब सुटला की तीच रेषा केसासारखी बारीक होऊन पुढच्या अक्षराला भिडे. लेखणी न उचलता शब्द पुरा करता येणे आणि तो दुसऱ्याला बिनचूक वाचता येणे, या दोन गरजांतून या अक्षराचे सौंदर्य निपजले.

हे वळण शिकवणाऱ्यांना लेखनगुरू म्हणता येईल. लेखन आणि हिशेब हे दोन्ही विषय ते शिकवत आणि आपल्या अक्षराचे नमुने तांब्याच्या पत्र्यावर कोरून घेऊन कित्ते छापत. जॉर्ज बिकहॅम या कोरक्याने 1733 ते 1741 या काळात क्रमशः काढलेल्या ‘द युनिव्हर्सल पेनमन’ या संग्रहात अशा पंचवीस लेखनगुरूंचे हस्ताक्षर आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सुरत आणि मुंबई येथील वखारींत सर्वांत खालच्या दर्जाच्या इंग्रज नोकराला ‘रायटर’ म्हणत आणि नकला करणे हेच त्याचे मुख्य काम असे, त्यामुळे लंडनच्या पेढ्यांतील लेखनाची शिस्त पश्चिम किनाऱ्यावरही पोचली.

या लेखनगुरूंपैकी चार्ल्स स्नेल (1667–1733) यांचे महत्त्व वेगळे आहे. 1714 साली त्यांनी अक्षरांची प्रमाणे मोजून देणारे नियम प्रसिद्ध केले, आणि त्यांवरून जॉन क्लार्क या समव्यवसायी गुरूशी त्यांचा छापील वाद झाला. हाताचे कौशल्य दाखवणाऱ्या लांबलचक लफ्फ्यांचे त्यांना आकर्षण नव्हते. एकसारखेपणा हाच त्यांच्या दृष्टीने अक्षराचा मुख्य गुण होता. साउथ सी कंपनीच्या समभागांच्या सट्ट्याचा फुगा फुटल्यानंतर ‘सॉब्रिज आणि कंपनी’ या पेढीच्या हिशेबाच्या वह्या तपासून अभिप्राय देणारे स्नेल ते हेच, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे त्यांचे अक्षर इतके संयत का, हे उमगते.

तांब्याच्या पत्र्यावर सहज उतरलेल्या या वळणाने शिशाच्या खिळ्यांना मात्र शतकानुशतके जुमानले नाही. खिळा म्हणजे एकेका अक्षराचा धातूचा ठोकळा, आणि तो काटकोनी असल्यामुळे तिरक्या अक्षराचे टोक ठोकळ्याबाहेर लोंबते व दाबाखाली मोडते. शिवाय दोन अक्षरांना सांधणारी बारीक रेषा नेमकी खिळ्याच्या कडेशी येत असल्याने ती झिजते, आणि शब्दात जागोजागी फट दिसू लागते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसच्या फर्मँ दिदो यांनी ठोकळाच तिरका ओतून या अडचणीवर तोड काढली. ती कल्पक होती, पण असे खिळे जुळवणे जिकिरीचे होते, आणि एरवीच्या मजकुराच्या खिळ्यांशी त्यांचा मेळ बसत नसे.

खरा मार्ग निघाला तो छायाजुळणीत, म्हणजे अक्षराच्या पारदर्शक प्रतिमेतून प्रकाश पाठवून ते संवेदनशील कागदावर उमटवण्याच्या पद्धतीत. ठोकळाच उरला नाही, तेव्हा एका अक्षराची रेषा दुसऱ्याच्या जागेत शिरण्यास आडकाठी राहिली नाही. हॉलंडमधील हार्लेम येथे एन्स्खेडे यांच्या खिळे ओतण्याच्या कारखान्यात पोलादी ठसे हाताने कोरण्याची जुनी कला शिकलेले मॅथ्यू कार्टर 1965 साली न्यूयॉर्कच्या मर्गेंथालर लायनोटाइप कंपनीत दाखल झाले, आणि त्याच सुमारास त्यांनी स्नेल यांच्या हस्ताक्षरावरून ‘स्नेल राउंडहँड’ हा टंक रेखला. जोडरेषा प्रत्येक अक्षरातून ठरलेल्या उंचीवर आणि ठरलेल्या कलाने बाहेर पडली, तरच कोणतेही लहान अक्षर कोणत्याही दुसऱ्याला बिनफट मिळते. यंत्राला हवा असलेला हा एकसारखेपणा स्नेल यांच्या नियमबद्ध हातात अडीच शतके आधीच होता, त्यामुळे कार्टर यांची निवड अत्यंत समर्पक म्हटली पाहिजे. पुढे 1972 साली कार्टर यांनी जॉर्ज शेली या दुसऱ्या लेखनगुरूच्या नावाने लफ्फ्यांच्या चढत्या प्रमाणात तीन रूपे असलेला टंक काढला. तो अधिक नटलेला आहे. पण जोडणीची जी शांत लय ‘स्नेल राउंडहँड’मध्ये साधली आहे, ती त्याहून सरस होय.

अ‍ॅपलच्या संगणकांवर ‘स्नेल राउंडहँड’ तयारच मिळतो, त्यामुळे घरोघरच्या इंग्रजी पत्रिकांत तो वापरणे कोणालाही शक्य आहे. मात्र राउंडहँडमधील मोठी अक्षरे शब्दाच्या आरंभी एकट्याने उभी राहण्यासाठी आखलेली असतात, म्हणून सबंध नाव त्यांतच जुळवल्यास ते वाचता येत नाही. आणि अक्षरांमधले अंतर वाढवले की जोडरेषा तुटतात. पत्रिका छापून घेणाऱ्यांनी आणि ती जुळवणाऱ्यांनी हे दोन दोष कटाक्षाने टाळावेत.