तलाव सगळ्यांचा, मासा कोणाचा?



सोसायटीचा इतिहास या स्मरणिकेत इतर मंडळी लिहितीलच. मी आपल्या शेजाऱ्याबद्दल, म्हणजे पाषाण तलावाबद्दल लिहितो. गणेशखिंडीतल्या गव्हर्नरच्या बंगल्याला पाणी मिळावं म्हणून इंग्रजांच्या काळात रामनदीला बांध घालून हा तलाव झाला. तो बंगला म्हणजे आजच्या विद्यापीठाची मुख्य इमारत.

आपल्यात रविवारी कुठल्या ना कुठल्या तलावावर गळ टाकायला जाणारे हौशी लोक आहेत, तसे त्यांना नावं ठेवणारेही आहेत. एक बाजू म्हणते, "सार्वजनिक पाणी आहे, अडवणार कोण?" दुसरी म्हणते, "सरसकट बंदीच घाला." दोघांनीही थोडं मागे वळून पाहावं, असं मला वाटतं.

आपल्या मुलखात माशांना पहिलं संरक्षण दिलं ते देवानं. देहू-आळंदीला इंद्रायणीच्या डोहातले मासे मारायचे नाहीत, ही जुनी रीत. महाडजवळ वाळणकोंडीला आजही भाविक चुरमुरे टाकतात आणि हातभर मासे वर येतात. तिथला मासा देवीचा, एवढाच नियम.

पुढे मोजमाप करणारे साहेब आले. कर्नल साईक्स यांनी पुण्याजवळ मुळा-मुठेत सापडणाऱ्या महसीर माशाचं 1839 साली शास्त्रीय वर्णन केलं. 1873 साली मद्रासकडचे सनदी अधिकारी थॉमस यांचं गळाच्या छंदावरचं पुस्तक निघालं, आणि त्याच वर्षी फ्रान्सिस डे यांचा गोड्या पाण्यातल्या माशांवरचा सरकारी अहवालही आला. बारीक जाळ्यांनी पिल्लंसुद्धा ओढली जातात, ही डे यांची चिंता. अखेर 1897 चा कायदा झाला. सुरुंगाची दारू किंवा विष वापरून मासे मारले तर दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा 200 रुपयांपर्यंत दंड! त्या काळी एवढे पैसे म्हणजे कारकुनाचा कित्येक महिन्यांचा पगार. जाळ्याचं भोक केवढं असावं हे ठरवायचा आणि एखादं पाणी दोन वर्षांपर्यंत मासेमारीला बंद ठेवायचा अधिकारही सरकारला मिळाला. गळाला या कायद्यानं सरसकट बंदी केली नाही, हे लक्षात घ्या.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर 1960 चा मत्स्यव्यवसाय अधिनियम आला, आणि 1960 चाच सहकारी संस्था अधिनियमही. आपली सोसायटी या दुसऱ्या कायद्याखाली नोंदलेली, आणि मच्छीमारांच्या सहकारी संस्थाही त्याच कायद्याखालच्या. राज्यातले कितीतरी तलाव या संस्थांना ठेक्यानं दिले जातात. रोहू, कटला, मृगळ साचलेल्या पाण्यात सहसा वीण करत नाहीत, म्हणून त्यांचं बीज विकत आणून सोडावं लागतं. बँकेच्या भाषेत सांगायचं तर ते संस्थेचं भांडवल! अशा तलावातला मासा सार्वजनिक असला तरी फुकटचा नाही. आपली बाग सगळ्यांची आहे, म्हणून कोणी कुंडी उचलून घरी नेत नाही.

तरीही हौसेला जागा असते. मुंबईत पवई तलावावर गळवाल्यांची संघटना कित्येक दशकं आहे; सभासद व्हायचं आणि नियमानं गळ टाकायचा. लोणावळ्याला वळवणच्या केंद्रात टाटांच्या वीज कंपनीनं 1970 च्या दशकापासून महसीरची पिल्लं तयार केली आणि ती ठिकठिकाणच्या पाण्यात सोडली गेली.

म्हणून माझी सूचना साधी आहे. गळ टाकण्याआधी पाणी कोणाच्या ताब्यात आहे, पाटबंधाऱ्याच्या की महापालिकेच्या, आणि ठेका कोणाकडे आहे, ते विचारा. परवानगी असेल तर पावती घ्या. नसेल तर गळ घरी ठेवा. पावसाळ्यात, विणीच्या दिवसांत, थांबा. लहान मासा परत पाण्यात सोडा. तुटलेला तंगूस काठावर टाकू नका, त्यात पक्ष्यांचे पाय अडकतात.

मेंटेनन्स थकवणाऱ्यावर आपण सभेत किती चिडतो! बीजाचे पैसे भरणाऱ्या मच्छीमारालाही फुकट्या गळवाल्याचा तेवढाच राग येत असणार. तोही आपल्यासारखाच एका सहकारी संस्थेचा सभासद आहे.