एकाच ट्रस्टची दोन घरे: परळची चाळ आणि दादरचे राजगृह

१/ सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उघडकीस आला. दाट वस्ती आणि अंधाऱ्या खोल्यांवर ठपका ठेवला गेला आणि १८९८ मध्ये 'बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन झाला. जुनी वस्ती पाडणे, रस्ते रुंद करणे, नवी घरे बांधणे हे त्याचे काम.

२/ ट्रस्टच्या लेखी चांगले घर म्हणजे हवा आणि उजेड. त्यासाठी ६३.५ अंशांच्या कोनाचा नियम होता. त्याचा अर्थ सोपा आहे: खिडकीसमोरची मोकळी जागा समोरच्या इमारतीच्या उंचीच्या निम्मी तरी असावी.

३/ ट्रस्टने श्रमिकांसाठी चाळी बांधल्या. त्याच बीआयटी चाळी. दादर-माटुंग्यात मात्र मध्यमवर्गासाठी आखीव रस्ते व भूखंड पाडले. तेथील हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी ही नावेच सांगतात की शेजार समाज पाहून ठरत होता.

४/ १९१२ पासून परळच्या बीआयटी चाळीत दुसऱ्या मजल्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे बिऱ्हाड होते. खोल्या दोनच, क्रमांक ५० आणि ५१. एकीत संसार, दुसरीत अभ्यास आणि भेटीगाठी. १९२७ च्या महाड सत्याग्रहाच्या काळात त्यांचे घर हेच होते.

५/ १९१७ मध्ये ते बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले. कोलंबियात शिकून आलेल्या या अधिकाऱ्याला शहरात राहायला जागा मिळेना. पारशी खाणावळीत नाव बदलून ते राहिले. जात कळताच काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. खोल्या होत्या, पण त्यांच्यासाठी दार बंद होते.

६/ १९३० च्या दशकारंभी त्यांनी हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधले. घराची आखणी ग्रंथसंग्रह डोळ्यांसमोर ठेवून केली: खाली कुटुंब, वर ग्रंथालय. परळची एका खोलीतली अभ्यासिका आता घराचा गाभा झाली.

७/ २७ मे १९३५ रोजी रमाबाईंचे निधन याच घरात झाले. डिसेंबर १९५६ मध्ये बाबासाहेबांचे पार्थिव दिल्लीहून येथेच आणले गेले आणि अंत्यदर्शनासाठी लोकांची रीघ लागली.

८/ चाळ आणि राजगृह, दोन्हींची जमीन एकाच ट्रस्टच्या आखणीतली. उजेड किती अंशांतून यावा, हे त्या आखणीने ठरवले. दारातून कोणाला आत घ्यावे, हा प्रश्न तिने समाजावर सोडला. आजही भाड्याची खोली शोधणाऱ्याला आधी आडनाव विचारले जाते. बडोद्याचा तो प्रश्न अजून नकाशाबाहेरच आहे.