रंगभूमीवरील युक्ति आणि इंद्रायणीचें पाणी

मोशीस जी इंद्रायणी दिसते, ती देहूहून येऊन आळंदीस निघालेली असते. याच नदीनें तुकोबांच्या वह्या कोरड्या परत दिल्या, अशी भाविकांची श्रद्धा आहे. आणि १९३६ सालीं ‘संत तुकाराम’ चित्रपटांत प्रभात कंपनीनें तो प्रसंग प्रेक्षकांस प्रत्यक्ष दाखविला. त्याचे दिग्दर्शक दामले व फत्तेलाल हे बाबूराव पेंटर यांच्या हाताखालीं तयार झालेले. आणि खुद्द बाबूराव नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवून नांवारूपास आलेले. म्हणजे पडद्यावरील या चमत्काराचें आजोळ रंगभूमीच होय.

मात्र चित्रपटांतील युक्ति एकदां साधली कीं कायमची साधते. नाटकांतील युक्तीस रोज नव्यानें परीक्षा द्यावी लागते. १८४३ सालीं सांगलीस विष्णुदास भावे यांनीं ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणलें. या कथेंतील धनुष्याचाच विचार करा. तें आज मोडावयाचें आणि उद्यां पुन्हां अखंड दिसावयाचें! असें धनुष्य मुळांतच दोन तुकड्यांचें करून, सांधा खुंटीनें जोडून, वरून रंगानें झांकावा लागतो. खुंटी सैल झाली तर रामाचा हात लागण्यापूर्वींच धनुष्य गळून पडेल. घट्ट बसली तर प्रभु रामचंद्र घामाघूम होतील. मुठींत पातें शिरणाऱ्या खंजिराची गोष्ट याहून गंभीर. स्प्रिंग अडकली तर खोटा घाव खरा होतो. म्हणून अशा वस्तूची तालीम आधीं सावकाश, मोजून आणि मारणारा व पडणारा या दोघांनीं मिळून केली पाहिजे. तेथें एकाच्या उत्साहाची किंमत दुसऱ्यास द्यावी लागते.

युक्तीचा अतिरेकही घातकच. खाडिलकरांचें ‘कीचकवध’ १९०७ सालीं रंगभूमीवर आलें. प्रेक्षकांस कीचकांत लॉर्ड कर्झन दिसला, आणि १९१० सालीं सरकारनें नाटकावर बंदी घातली. त्याच कथेवर बाबूरावांनीं १९२० सालीं ‘सैरंध्री’ हा चित्रपट काढला. त्यांतील वध इतका हुबेहूब वठला कीं त्या दृश्यास कात्री लागली. एकाच कीचकास दोन शिक्षा झाल्या. पण पहिली अर्थाबद्दल होती, दुसरी केवळ कारागिरीबद्दल. नाटककारानें जी मात्रा घ्यावी ती पहिली.

आज मोशी-चाकणच्या परिसरांत यंत्रांचे कारखाने उभे आहेत. न अडकणारी स्प्रिंग तेथील कारागिरास अवघड नाहीं. परंतु सोबत्याचा जीव आपल्या मनगटावर आहे, ही जाणीव कोणत्याही कारखान्यांत घडत नाहीं. ती तालमींतच घडते.