विशालन (वक्र आरसे)

वक्र आरशाने तयार झालेल्या प्रतिमेच्या उंचीचे मूळ वस्तूच्या उंचीशी असलेले गुणोत्तर म्हणजे त्या आरशाचे विशालन होय. गुणोत्तर असल्यामुळे त्याला एकक नसते. त्याचे संख्यात्मक मूल्य १ पेक्षा अधिक असल्यास प्रतिमा वस्तूहून मोठी, तर कमी असल्यास लहान असते. धन चिन्ह सुलटी प्रतिमा दर्शवते, तर ऋण चिन्ह उलटी.

किरणाकृती

वस्तूच्या टोकापासून निघणारे दोन किरण काढल्यास प्रतिमेचे स्थान निश्चित होते. मुख्य अक्षाला समांतर येणारा किरण परावर्तनानंतर अंतर्गोल आरशात नाभीतून जातो. बहिर्गोल आरशात तो नाभीपासून आल्यासारखा भासतो. वक्रता केंद्राच्या दिशेने जाणारा किरण आल्या मार्गाने परततो. ध्रुवावर पडणारा किरण अक्षाशी तेवढाच कोन करून परावर्तित होतो. त्यामुळे वस्तू व प्रतिमा यांचे दोन समरूप काटकोन त्रिकोण तयार होतात. त्यावरून पुढील सूत्र मिळते :

विशालन = प्रतिमेची उंची ÷ वस्तूची उंची = −(प्रतिमेचे अंतर ÷ वस्तूचे अंतर)

अंतरे ध्रुवापासून मोजतात. आरशासमोरील अंतर ऋण, तर मागील अंतर धन मानतात.

वस्तूचे स्थान व विशालन

अंतर्गोल आरशाचे विशालन वस्तूच्या स्थानानुसार बदलते. नाभीय अंतर १० सेंमी असलेल्या आरशासमोर १५ सेंमीवर वस्तू ठेवल्यास प्रतिमा आरशासमोर ३० सेंमीवर पडते. विशालन −२, म्हणजे प्रतिमा वास्तव, उलटी व दुप्पट असते. तीच वस्तू ५ सेंमीवर आणल्यास प्रतिमा आरशामागे १० सेंमीवर दिसते. विशालन +२, म्हणजे प्रतिमा आभासी, सुलटी व दुप्पट असते. समोर ठेवलेल्या वस्तूची बहिर्गोल आरशातील प्रतिमा मात्र नेहमी आभासी, सुलटी व लहान असते.

दुर्बिणीतील उपयोग

आंबेगाव तालुक्यातील गिरवली येथे पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेची वेधशाळा २००६ पासून आहे. तेथील दुर्बिणीच्या मुख्य अंतर्गोल आरशाचा व्यास २ मीटर, तर नाभीय अंतर सुमारे ६ मीटर आहे. त्यावरून परतणारे किरण नाभीत मिळण्यापूर्वीच दुय्यम बहिर्गोल आरशावर पडतात. या आरशासाठी वस्तू त्याच्या मागे असल्यामुळे तो लहान व आभासी नव्हे, तर मोठी व वास्तव प्रतिमा देतो. संयुक्त नाभीय अंतर सुमारे २० मीटर होते, म्हणजे दुय्यम आरशाचे विशालन सुमारे ३.३ पट आहे. मुख्य आरशाच्या नाभीपाशी चंद्राची प्रतिमा सुमारे ५.४ सेंमी व्यासाची भरली असती. दोन आरशांमुळे ती सुमारे १८ सेंमीची होते.