घरच्या संगणकासाठी बुद्धिबळाचा प्रोग्राम कोणता घ्यावा?

अकोले तालुक्यातल्या राजूरसारख्या गावात नेट हवे तेव्हा मिळेलच असे नाही. म्हणून एकदा उतरवून घेतला की नेटशिवाय चालणारा प्रोग्राम निवडावा. अशा प्रोग्रामचे दोन भाग असतात: चाली शोधणारे ‘इंजिन’ आणि पडद्यावर दिसणारा पट. ‘स्टॉकफिश’ हे २००८ पासूनचे मोफत इंजिन जगज्जेत्यालाही भारी आहे. पण नुसते तेवढेच उतरवले तर पट दिसतच नाही, आणि फसगत होते ती इथेच. ‘अरेना’सारखा मोफत पट त्याला जोडावा लागतो. विंडोजवर ‘लुकास चेस’मध्ये दोन्ही एकत्र मिळतात, शिवाय नवशिक्याला झेपतील असे कच्चे प्रतिस्पर्धीही. मुलांसाठी हेच महत्त्वाचे. रोज मातच खावी लागली तर कोणते मूल पुन्हा खेळायला बसेल? स्टॉकफिशची ताकदही ० ते २० या पातळ्यांवर कमी करता येते.

घरात आजोबा देशी पद्धतीने खेळत असतील, तर त्यांना आधीच सांगून ठेवा. देशी डावात प्यादे एकच घर सरकते आणि राजाला एकदा घोड्याची उडी मारता येते. हे प्रोग्राम आंतरराष्ट्रीय नियमांनी खेळतात: समोरचे प्यादे पहिल्याच चालीत दोन घरे येते, आणि आजोबांच्या राजाची उडी मात्र संगणक घेत नाही.